कारण : कार्ड माहेरी

१२ फेब्रुवारी २०२५, अकोला

मनूला ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी नाही.

झोपेचं औषध पाजून, कपाळाला आणि कानांमागे वायरी चिकटवून तपासलं. कागदावर नुसत्या रेघा. डॉक्टर त्या रेघांवर पेन ठेवून समजावत होते, पण दिदी कागदाकडे बघतच नव्हती. मनूच्या कपाळावर राहिलेला गोंद नखाने काढत बसली होती.

"गोवरानंतर होतं असं कधीकधी," डॉक्टर म्हणाले. "नऊ महिन्यांची लस झाली होती ना?"

दिदीने मान खाली घातली. भाऊजींनी त्यांच्या आईकडे पाहिलं. त्यांची आई, सुंदराबाई, पंख्याकडे बघत राहिल्या. मी एकेकाचं तोंड बघत उभी.

सव्वा वर्षाची पोरगी. दिवाळीपासून मला 'मावती' म्हणायला लागली होती. आता म्हणत नाही. आम्हाला वाटलं, आजारातून उठली आहे, रुसली असेल.

हे आपोआप झालेलं नाही. कोणीतरी केलं आहे. त्याला मी सोडणार नाही. तारीख घालून लिहून ठेवते.

१३ फेब्रुवारी

डोकं ठिकाणावर ठेवून सगळं लिहून काढायचं ठरवलं. पुढे कामी येईल.

मनू ऑक्टोबर २०२३ ची. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून दिदी आमच्याकडे मोर्शीला. सुरुवातीच्या सगळ्या लसी आमच्याकडेच झाल्या, अगदी वेळेवर. दोनदा तर मनूला मीच घेऊन गेले होते. फेब्रुवारीत दिदी सासरी गेली, पातूरजवळच्या त्यांच्या गावी. जुलैत मनूला नऊ महिने झाले. गोवराची लस तेव्हा द्यायची. नाही दिली! जुलैत नाही, ऑगस्टमध्ये नाही, दिवाळीनंतरही नाही.

या जानेवारीत त्यांच्या गल्लीत गोवर आला. मनूच्या अंगावर पुरळ दिसल्याबरोबर सुंदराबाईंनी दाराला कडुनिंबाचा पाला बांधला, घरातली फोडणी बंद केली. "गोवर अंगावर पुरा येऊ द्या, दवाखान्यात नेलं तं आतच दबते!" पाच दिवस. सहाव्या दिवशी पोरीला धाप लागली, तेव्हा कुठे अकोल्याला आणली. अकरा दिवस दवाखान्यात. दोन्ही कान वाहत होते.

घरी आल्यावर आठवड्याने दिदीच्या लक्षात आलं. कुकरची शिट्टी झाली की मनू दचकून तिच्या पायाला मिठी मारायची. त्या दिवशी कुकर तिच्या शेजारीच होता. तीन शिट्ट्या झाल्या. मनू वाटीत चमचा घालत-काढत बसलेली.

दिदीने हे मला फोनवर सांगितलं. रडली नाही. मी खूप रडले.

१५ फेब्रुवारी, अमरावती

खोलीवर परत आले. पुस्तक उघडलं, एक ओळ वाचली नाही. स्पर्धा परीक्षा गेली खड्ड्यात.

आरजूला सगळं सांगितलं. माझ्यासोबत राहते, नांदगाव खंडेश्वरची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दिदी फक्त एवढंच सांगते, की कार्ड नव्हतं म्हणून लस राहिली. लसीकरणाचं कार्ड. ते सासरी कुठे सापडेना. आणि कार्डाशिवाय दिली आणि चुकून दोनदा झाली तर लेकराला बाधेल, असं कोणीतरी सांगितलं.

आरजूने कपाळाला हात मारला. "कार्ड नव्हतं म्हणून? अगं, कार्ड म्हणजे कागद. तो क्या, दुसरा बनता है! तिथल्या तिथे नवीन देतात. आणि समज, झालेली असती आणि परत टोचली असती, तरी काहीसुद्धा होत नाही."

"नक्की?"

"परीक्षेला येतं आम्हाला हे."

मग म्हणाली, तिचा भाऊ गुलफाम लहान असताना तिच्या अम्मीचं पण असंच झालं होतं. पहिल्या टोचणीनंतर त्याला ताप चढला, मांडी सुजली. अम्मी महिनाभर घाबरून बसल्या. शेजारणी दहा गोष्टी सांगायच्या. शेवटी एक दिवस पोराला उचललं आणि जी बाई टोचते तिलाच जाऊन विचारलं, तुझ्या पोरांना टोचलं का? ती म्हणाली, तिघांनाही. बस. "अम्मी दुसरीपर्यंत शिकलेली, पण विचारायचं कोणाला हे तिला कळलं."

म्हणजे मनूची लस राहिली ती एका खोट्या कारणाने! ज्याने हे डोक्यात भरवलं तो अडाणी नसणार. अडाणी माणूस इतक्या ठामपणे बोलत नाही. हा कोणीतरी अर्धवट शहाणा आहे. मला तोच पाहिजे!

१६ फेब्रुवारी

दिदीला फोन केला. "कोणी सांगितलं होतं कार्डाचं?"

"जाऊ दे न वर्षू."

जाऊ दे!

२० फेब्रुवारी

चार दिवस एकच विचार. तीन नावं माझ्या डोक्यात आहेत.

सुंदराबाई तर आहेतच. ज्या बाईने पाच दिवस पाला बांधून ठेवला ती लस कशाला देऊ देईल? आणि कार्ड त्यांच्याच घरातून हरवलं.

दुसरी तिथली आशाताई, बेबीताई. हिचं कामच हे! घरोघर जाऊन लेकरं टोचणीला आणायची. मग आणलं का नाही?

तिसरा विपुल. भाऊजींचा मित्र, पातूरला कोंबड्यांचं खाद्य विकतो. दिवसभर मोबाईलवर व्हिडिओ टाकत असतो. डिसेंबरमध्ये घरच्या ग्रुपवर त्याचा एक आला होता, "लस टोचण्याआधी हे नक्की पहा!!" आता आठवतंय. असला माणूस अर्धवट शहाणा नाही तर काय!

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळच्या बसने पातूर, तिथून ऑटो. दिदीला न सांगता आधी बेबीताईंच्या घरी गेले.

चाळिशीची बाई. अंगणात तूर पाखडत होती. मला बघून सूप खाली ठेवलं, पदर सारखा केला. "या न म्याडम. बसा. मनूची मावशी न तुमी?" मला ओळखते कशी कोण जाणे.

"बसायला नाही आले. मनू तुमच्या यादीत होती. लस का दिली नाही?"

"पानी तं घ्या."

"पाणी नको."

तिने आतून वही आणली. पुठ्ठा गेलेली, रबरबँड लावलेली. मनूचं नाव काढून माझ्यापुढे धरली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, नोव्हेंबर. चार ओळी. 'कारण' या रकान्यात चारही वेळा एकच – कार्ड माहेरी. कार्ड माहेरी. कार्ड माहेरी. कार्ड माहेरी.

"बस्स? कार्ड सासरी हरवलं, तुम्ही माहेरी लिहिलं आणि सुटलात?"

"मी म्हनलं होतं म्याडम. कार्ड नसन तं नसू द्या, मी नवं काढून देते. एकदा तं नर्सबाईले घरी घेऊन आली. घरातून नाई म्हने."

"घरातून म्हणजे कोण?"

तिने वही मिटली. रबरबँड लावलं. सावकाश. मग म्हणाली, "मी दहावी नापास बाई हाय. शिकल्या-सवरल्या लोकाईसमोर माह्यं कोन आयकते?"

मला टोमणा! चूक स्वतःची आणि वर टोमणा मला! मी म्हटलं, "नापास आहात ते दिसतंच आहे." शब्द तोंडातून गेल्यावर जरा वाईट वाटलं. पण खूप नाही.

तिथून दिदीच्या घरी. सुंदराबाई ओसरीवर शेवंतीचे हार करत बसलेल्या. त्यांच्या शेतातली फुलं पातूरच्या बाजारात जातात. मी चप्पलसुद्धा काढली नाही. जे आठ दिवस मनात होतं ते सगळं बोलले. तुम्ही माझ्या भाचीचे कान घेतले, म्हटलं.

त्यांची सुई थांबली. "काहून वं, माह्या नातीचं मी वाईट करीन? पाला म्या बांधला. फोडनी म्या बंद केली. पाच दिस मी थांबली, थे माह्यं पाप हाय, थे मी देवापाशी भरीन. पन टोचनीचं मले नको इचारू. टोचनी म्या नाई थांबवली."

"मग कोणी?"

"मी तं म्हनत होती, आन टोचून. माह्या पोराले, या धर्माले टोचलं होतं, काय झालं त्याले? बैलावानी हाय!"

भाऊजी मागे उभे होते. एरवी हसले असते. "आई, बस कर," एवढंच म्हणाले.

"काहून बस करू? हे पोट्टी चपला घालून माह्या ओसरीवर चढते अन् मी बस करू?" मग माझ्याकडे वळून, "तुह्या बहिनीले इचार."

दिदी स्वयंपाकघराच्या दारात. मनू तिच्या कडेवर. दिदीने मानेनेच नाही नाही केलं. मला की सासूला, कळलं नाही.

किती घाबरवून ठेवलंय माझ्या बहिणीला!

२८ फेब्रुवारी

अर्ज लिहिला. तालुक्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या नावे, दोन पानी. बेबीताईंना आशा पदावरून कमी करावे, ही मागणी शेवटी ठळक केली. सुंदराबाईंचं नाव मधल्या परिच्छेदात. विपुलचं पण.

खोटं कशाला लिहू? अर्ज लिहिताना बरं वाटलं. शब्द कसे पटापट सुचत गेले. बी.ए. झालेल्या मुलीसुद्धा अर्ज लिहायला दुसऱ्याकडे जातात. मी एका बैठकीत लिहिला. घरातली पहिली पदवी एका कामाला तरी आली.

पहिल्याच परिच्छेदात एक ओळ अशी ठेवली आहे – 'कार्डाशिवाय लस देऊ नये असे बालिकेच्या आईस सांगणाऱ्या व्यक्तीचे नाव : ' आणि पुढे रिकामी जागा. खाली टीप टाकली की हे नाव चौकशीच्या दिवशी सादर करीन. करीनच! तो माणूस मी शोधून काढणार आणि त्या जागी त्याचं पूर्ण नाव माझ्या हाताने लिहिणार.

पोच घेतलेली प्रत फायलीत ठेवली.

४ मार्च

बाबांचा फोन. "काय चाललं म्याडम?"

आमचे बाबा मला म्याडम म्हणतात. केशवरावांची म्याडम, सगळी आळी म्हणते. संत्र्याच्या झाडाला कोणतं औषध मारायचं, दुकानदाराने दिलेल्या बाटलीचा फोटो मला येतो. आईच्या गोळ्या बदलल्या, फोटो मला. विम्याचा फॉर्म, रेशनकार्डातलं नाव, सगळं माझ्याकडे. मनूचा जन्मदाखलासुद्धा मीच काढला, तीन चकरा मारून. कंटाळा येतो कधीकधी. पण आवडतंही. मी 'हो' म्हटलं की घर हो म्हणतं.

अर्जाचं सांगितलं. बाबा म्हणाले, "जो कोन असन त्याले सोडू नको. माह्या नातीचा आवाज गेला, बाप्पा."

आवाज नाही, कान, असं मी सुधारणार होते. मग वाटलं, तेही खरंच आहे.

९ मार्च

दिदीच्या सासरच्या गावच्या ग्रुपवर सगळं टाकलं. मनूचा तपासणीचा कागद, बेबीताईंच्या वहीचा फोटो (त्या दिवशी काढून ठेवला होता), आणि तिघांची नावं. संध्याकाळपर्यंत नव्वद जणांनी पाहिलं. कोणी "फारच वाईट", कोणी नुसते हात जोडलेले.

करिश्मा म्हणून दिदीची शेजारीण आहे, तिने कळवलं, आज शिवमंदिराच्या बायकांनी सुंदराबाईंकडून हार घेतले नाहीत. टोपली तशीच परत नेली त्यांनी.

हे वाचून मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१० मार्च

विपुलचा फोन. मी तयारच होते.

"म्याडम, माह्यं नाव काहून टाकलं तुमी? बायको माहेरी जाऊन राहिली माही!"

"लसीविरुद्ध व्हिडिओ टाकताना नाही वाटलं काही?"

"कोनता व्हिडिओ? थो? अवं म्याडम, थो कोंबड्यायचा होता! मानमोडीच्या लसीचा! टोचायच्या आधी कोंबडी कशी धरा लागते थे दाखवलं होतं. उघडून तं पाह्यचं!"

फोन ठेवून व्हिडिओ शोधला. उघडला. एक माणूस कोंबडी धरून उभा.

ठीक. विपुलचं नाव काढलं. ग्रुपवर माफीही टाकली, दोन शब्दांची. आरजू पोट धरून हसत होती. मी नाही हसले. दोघी उरल्या आहेत अजून.

१४ मार्च, मोर्शी

धुळवडीला घरी आले. दिदीपण आली आहे मनूला घेऊन. भाऊजींनी आणून सोडलं आणि उभ्या उभ्या परत गेले. माझ्याशी बोलले नाहीत.

आळीतली पोरं तेलाचे रिकामे डबे बडवत फिरत होती. मनू आमच्या ओट्यावर. एका पोराने डबा तिच्याजवळ ठेवून काठी मारली. तिने डब्यावर तळवा ठेवला. परत मारली. मनू हसली! तळवा उचलायची, ठेवायची, हसायची. आई म्हणाली, "आयकू येते वं हिले!" आणि पदराने डोळे पुसायला लागली. दिदीने मनूचा हात डब्यावरून उचलला. पोराने काठी मारली. मनूने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

दिदीने आपल्या मनाने खुणा बसवल्या आहेत. ओठांवर दोन बोटं म्हणजे पाणी. गालावर तळवा म्हणजे झोप. मनूला चार-पाच कळतात. मी आले की दिदी स्वतःच्या नाकाजवळ दोन बोटांचे गोल धरते, चष्मा. म्हणजे मी. मावती.

मला रडू आलं नाही. रागच आला. माझं नाव होतं त्या पोरीच्या तोंडात. कोणीतरी ते काढून घेतलं.

१८ मार्च

चौकशी लागली! २७ तारखेला, गुरुवारी अकरा वाजता, पातूरला. अर्जदाराने पुराव्यासह हजर राहावे. मी आणि पुरावा, दोन्ही हजर असणार.

१९ मार्च

बेबीताईंचा फोन. मी उचलणार नव्हते.

"म्याडम, बावीस वर्साची असतानी नवरा गेला माहा. थ्या कामावर दोन पोरं वाढवली म्या. मानधन काई लय नाई, पन लोकं ताई म्हनतात."

"मग घरातून नाही कोण म्हणालं ते सांगा. तुमचं नाव लगेच मागे घेते."

मागे कुठेतरी पिठाची गिरणी चालू होती.

"सांगता येते मले. दोन मिंटाचं काम हाय," त्या म्हणाल्या. "पन तुमच्या दिदीले म्या शब्द देला. माह्यं काम गेलं तरी चालन, शब्द नाई जाऊ देत मी."

काय पण नाटक! दिदी सासूला वाचवते आहे आणि ही बाई दिदीला मदत करते आहे. सगळ्या एकमेकींना सामील. आणि मनूच्या बाजूने कोण? मी एकटी.

२२ मार्च

दिदीशी आज पहिल्यांदा भांडले. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्या शाळेसाठी जिने आठवीत शाळा सोडली, तिच्याशी.

ती म्हणाली, "अर्ज मांगं घे, वर्षू. बेबीताईची काई चूक नाई."

"मग कोणाची आहे?"

"माही हाय. माय मी हाय तिची. माह्या हातात पोरगी होती न? मीच नाई नेली. माह्यंच नाव लिही."

"तुला कोणी सांगितलं ते सांग! तुझ्या नवऱ्याने? सासूने? फोनवर कोणी काही पाठवलं असेल तर दाखव. पुरावा लागतो दिदी, तुझ्या रडण्याने काही होत नाही!"

ती रडत नव्हती. तिने फोन ओट्यावरून उचलून ब्लाउजमध्ये खोवला. मला न दाखवण्यासाठी! माझ्यापासून लपवायची वेळ आली तिला!

"तू लय शिकली, वर्षू," ती म्हणाली. "आमाले तुहा लय अभिमान हाय. आता एवढंच आयक माह्यं."

मी ऐकलं नाही. फोनमध्ये काहीतरी आहे. नक्की आहे.

२५ मार्च, अमरावती

कानाच्या मशीनसाठी मनूच्या कानाचे साचे घ्यायचे होते म्हणून दिदी अमरावतीला आली. काल माझ्याच खोलीवर मुक्काम. आरजूने मनूला भूल घातली आहे, दोघी आरशात तोंडं वेडीवाकडी करत बसतात.

बस स्टँडवर उतरताना दिदीचा फोन पडून काच फुटली. दाबलं की काही कळतच नाही. ती म्हणाली, राहू दे, गावी करून घेईन. मी म्हटलं, इथे चांगलं दुकान आहे. आज तिला आणि मनूला मोर्शीच्या बसमध्ये बसवलं, फोन दुकानात टाकला. उद्या दुपारी मिळेल.

बसच्या खिडकीतून ती दोनदा म्हणाली, "फोन उघडू नको वं वर्षू. शपथ हाय."

त्या फोनचा पॅटर्न मीच टाकून दिलेला आहे.

परवा अकरा वाजता चौकशी. रिकामी ओळ उद्या भरेल. सुंदराबाई असोत, भाऊजी असोत, दिदीचं घर मोडो. मनूचे कान परत येणार नाहीत. पण ज्याने घेतले त्याला चारचौघांत उभं करणारच. मला आज फार हलकं वाटतं आहे. अगदी परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यास पुरा झाल्यासारखं.

२६ मार्च

९ जुलै २०२४. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. सतरा सेकंदांचा आवाज.

"दिदी, कार्ड माझ्याकडे आहे, जन्मदाखल्यासाठी आणलेलं. कार्डाशिवाय अजिबात देऊ नको हं, डबल झाली तर भलतंच होईल. त्या आशाताईचं काय ऐकतेस, दहावी नापास बाई ती! परवा माझा शेवटचा पेपर आहे, झाला की घेऊन येते."

त्याखाली दिदीचं, २० जुलै – वर्षू कार्ड आनशीन का. माझा अंगठा. १७ ऑगस्ट – आज टोचनी हाय बेबीताई आली. माझं – क्लास चालू झालाय ग, येते नक्की. सप्टेंबर. नोव्हेंबर.

हा आवाज दिदीने बेबीताईंना ऐकवला असणार. पुसून का नाही टाकला? तिला पुसता येत नाही. मी शिकवलं नव्हतं.

कार्ड फायलीतच होतं. पोच घेतलेल्या अर्जाच्या मागच्याच कप्प्यात. नऊ महिन्यांच्या रकान्यात नर्सने पेन्सिलीने तारीख लिहून ठेवली आहे.

उद्या सकाळची बस. फोन चार्जिंगला लावला. अर्जातली रिकामी ओळ भरली – वर्षाली केशवराव, आणि पुढे बी.एस्सी. शिक्षण कोणी विचारलं नव्हतं. तरी लिहिलं.